दोष सापडला, पण तो कुणाच्या बाजूचा? गुडघ्याच्या एका पेपरची चिकित्सा

जर्नल क्लबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, सँपल साइझ लहान आहे." पाठोपाठ दुसरं येतं, "एकाच सेंटरवरचा डेटा आहे." मग तिसरं, "फॉलोअप कमी आहे." सगळे माना डोलावतात, चहा येतो आणि पेपरची चिकित्सा झाली असं आपण समजतो. माझ्या मते ही चिकित्सा नव्हे, ही दोषांची यादी झाली. यादी कुठल्याही पेपरची करता येते, कारण निर्दोष पेपर अजून कुणी लिहिलेला नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे: हा दोष खरा धरला, तर निकाल कोणत्या बाजूला झुकेल? आणि प्रत्यक्षात आलेला निकाल त्याच बाजूला झुकलेला आहे का?

नुसतं सांगून हे डोक्यात बसत नाही, म्हणून आज एक पेपर घेऊन बसू. पेपर जुना आहे, जुलै २००२ मधला, 'द न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला. जे. ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे: गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, आणि त्यावर केलं जाणारं दुर्बिणीचं ऑपरेशन, म्हणजे आर्थ्रोस्कोपी. हा पेपर निवडण्याचं कारण असं की त्याच्यावर टीका भरपूर झाली, त्यातली काही टीका बरोबर होती, आणि तरीही पेपर टिकला. कोणती टीका लागू पडली आणि कोणती नाही, हे बघणं हाच आजचा अभ्यास.

प्रश्न काय होता?

सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. ते खडबडीत होतं, झिजतं, त्याचे बारीक कण सांध्यात सुटतात, आतलं अस्तर सुजतं. 'गुडघ्यातलं वंगण संपलं' असं आपल्याकडे म्हणतात ते साधारण याच अवस्थेला. मग विचार असा झाला की दोन-तीन छोटी छिद्रं पाडून दुर्बीण आत घालावी, सांधा सलाइनच्या पाण्याने धुऊन काढावा, खडबडीत भाग तासून गुळगुळीत करावा, फाटलेल्या मेनिस्कसची, म्हणजे गादीची, लोंबणारी टोकं कापावीत. ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे. गाडीचं सर्व्हिसिंग केल्यासारखं.

आणि ऑपरेशन केलेल्यांपैकी बरेच जण बरं वाटल्याचं सांगतही होते. पेपरच्या सुरुवातीलाच दिलंय की त्या काळी अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांहून जास्त अशी ऑपरेशनं होत होती, प्रत्येकी सुमारे ५,००० डॉलर खर्चाची. म्हणजे पुरावा काय होता? 'आधी दुखत होतं, ऑपरेशन केलं, नंतर कमी दुखलं.'

इथे जरा थांबा. गुडघा रोज सारखा दुखत नाही. थंडीत वाढतो, लग्नसराईच्या धावपळीत वाढतो, जिन्याची चढउतार जास्त झाली की वाढतो, मग काही आठवड्यांनी आपसूक उतरतो. माणूस डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं शिगेला पोचलं की. शिगेला पोचलेली गोष्ट त्यानंतर बहुतेक वेळा खालीच येते, मग तुम्ही ऑपरेशन करा, तेल चोळा किंवा काहीच करू नका. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. त्यात भर म्हणजे उपचार घेतल्याचं समाधान, डॉक्टरांवरचा विश्वास, ऑपरेशननंतरची विश्रांती, घरच्यांनी घेतलेली काळजी. या सगळ्यातून 'सांधा धुण्याचा आणि तासण्याचा' स्वतःचा वाटा वेगळा कसा काढायचा, हा मोझलींचा प्रश्न.

त्यांनी काय केलं?

ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात १८० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने तीन गट पाडले. ५९ जणांचा सांधा धुऊन तासला. ६१ जणांचा नुसता धुतला. उरलेल्या ६० जणांचं खोटं ऑपरेशन केलं. म्हणजे गुडघ्यावर एक-एक सेंटिमीटरचे तीन छेद घेतले, पण आत एकही उपकरण घातलं नाही. सर्जन नेहमीसारखी उपकरणं मागत होता, गुडघा हलवत होता, पाण्याचा आवाजही केला गेला. खऱ्या ऑपरेशनला लागतो तितका वेळ रुग्ण टेबलावर होता, आणि ती रात्र हॉस्पिटलातच राहिला. रुग्णाला माहीत नाही, नंतर वेदना मोजणाऱ्यालाही माहीत नाही की कुणाचं काय झालंय.

दोन वर्षं पाठपुरावा झाला, १६५ जण शेवटपर्यंत टिकले. वेदनेची मोजणी ० ते १०० या पट्टीवर, जास्त आकडा म्हणजे जास्त वेदना. दोन वर्षांनंतरची सरासरी: खोटं ऑपरेशन ५१.६, नुसतं धुणं ५३.७, धुणं आणि तासणं ५१.४. तिन्ही गटांत फरक म्हणावा असा नाहीच.

निकाल आला आणि गदारोळ झाला. आता त्या वेळच्या आणि नंतरच्या आक्षेपांकडे एकेक करून बघू. प्रत्येकाला आपला प्रश्न विचारायचा: झुकाव कोणत्या बाजूला?

आक्षेप पहिला: सगळी ऑपरेशनं एकाच सर्जनने केली.

तो सर्जन कच्चा असेल तर खऱ्या ऑपरेशनचा फायदा दिसणार नाही आणि निकाल 'फरक नाही' या बाजूला झुकेल. आलेला निकाल त्याच बाजूचा आहे, म्हणून आक्षेप वरवर तरी दखल घेण्यासारखा आहे. पण हा माणूस ह्यूस्टनच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा डॉक्टर होता, गुडघे हे त्याचं रोजचं काम. आणि एकच सर्जन असण्याचा एक फायदाही आहे: तिन्ही गटांना सारखाच हात, सारखंच बोलणं मिळालं. या आक्षेपाचं उत्तर वाद घालून मिळत नाही, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या हातांनी तेच करून बघितल्यावर मिळतं. त्याकडे पुढे येतेच.

आक्षेप दुसरा: ३२४ पात्र रुग्णांपैकी १४४ जणांनी भाग घ्यायला नकार दिला.

आकडा मोठा आहे, ४४ टक्के. जर्नल क्लबमध्ये यावर दहा मिनिटं सहज जातील. पण नकार कधी दिला गेला ते बघा. गट पाडण्याच्या आधी. म्हणजे जे उरले ते कुठल्याही स्वभावाचे असोत, तिन्ही गटांत सारखेच वाटले गेले. तुलना शाबूत राहते. हेच लोक गट पाडल्यानंतर, समजा एकाच गटातून जास्त, गळाले असते तर पेपर मोडीत निघाला असता. 'रुग्ण गळाले' हे वाक्य अर्धवट आहे. कधी गळाले आणि कुठल्या गटातून, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. हा फरक लक्षात ठेवा, व्हायवाला उपयोगी पडेल.

अर्थात निकाल कुणाला लागू होतो, हा प्रश्न नकारामुळे उरतोच. पण तो वेगळा प्रश्न आहे. तुलना खरी आहे का, हा एक प्रश्न. ती माझ्या रुग्णाला लागू पडते का, हा दुसरा. आपण या दोन्हींची खिचडी करतो.

आक्षेप तिसरा: भूल वेगळी होती.

हा मला वाचताना चटकन खटकला होता. खऱ्या ऑपरेशनच्या दोन्ही गटांना पूर्ण भूल दिली होती. खोट्या गटाला शिरेतून गुंगीचं आणि वेदनाशामक औषध, बाकी श्वास ज्याचा त्याने घेतलेला. उगाच धोका नको म्हणून असं केलं, आणि नैतिकदृष्ट्या ते बरोबरच होतं. पण यामुळे रुग्णांना पत्ता लागला असेल तर?

आता झुकाव काढा. 'माझं खोटं केलं' हे कळलं तर खोट्या गटातले लोक नाराज होतील, जास्त दुखतं म्हणतील. म्हणजे खरं ऑपरेशन आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. निकाल मात्र 'फरक नाही' असा आहे. म्हणजे हा दोष ज्या बाजूला ढकलतो त्याच्या उलट बाजूला निकाल गेलाय, आणि त्यामुळे निकाल दुबळा होत नाही, झालाच तर बळकट होतो. शिवाय संशोधकांनी रुग्णांना विचारलंही होतं की तुमचं काय झालं असं तुम्हाला वाटतं. खोट्या गटातले लोक इतरांपेक्षा जास्त प्रमाणात 'माझं खोटं' म्हणाले नाहीत.

दोष खरा, पण निकालाला धक्का नाही. नुसत्या यादीत ही गोष्ट कधीच दिसली नसती.

आक्षेप चौथा: वेदनेची पट्टी घरचीच होती.

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मुख्य निष्कर्ष ज्या पट्टीवर उभा आहे ती याच अभ्यासासाठी बनवलेली होती, आधी पारखलेली नव्हती. पट्टी बोथट असेल तर खरा फरकही तिला दिसणार नाही, आणि निकाल 'फरक नाही' इकडे झुकेल. म्हणजे बाजू जुळते. हा दोष निकालाचं स्पष्टीकरण होऊ शकतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. संशोधक म्हणतात की ९५ टक्के विश्वास-अंतराल बघता रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असा कुठलाही फरक शक्य नाही. कॅल्क्युलेटर घ्या. प्रत्येक गटात साधारण ५५ जण, प्रमाण विचलन साडेतेवीसच्या आसपास. तासलेला गट आणि खोटा गट यांतला फरक ०.२, आणि माझ्या ढोबळ हिशोबाने त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९-९ गुणांची मोकळीक. आता शंभरपैकी ९ गुण कमी दुखलं तर रुग्णाला ते जाणवतं का? पट्टी नवी असल्यामुळे किती गुणांचा फरक म्हणजे 'जाणवण्याइतका' हे आधीपासून ठरलेलं नव्हतं. म्हणून 'कुठलाही अर्थपूर्ण फरक शक्य नाही' हे विधान मला जरा जास्त ठाम वाटतं. 'मोठा फरक शक्य नाही' इतकं म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती.

मग पेपर यावर पडतो का? नाही, कारण मोजणी एकाच पट्टीवर थांबली नव्हती. संधिवातासाठी आणि एकूण आरोग्यासाठी आधीपासून वापरात असलेल्या प्रश्नावल्या होत्या, आणि रुग्णाला प्रत्यक्ष चालायला आणि जिना चढायला-उतरायला लावून घड्याळही लावलं होतं. सगळ्यांची साक्ष एकच. उलट काही टप्प्यांवर धुऊन-तासलेल्या गटाचं चालणं खोट्या गटापेक्षा हळू भरलं. बोथट पट्टीमुळे फरक दडला असता, तर घड्याळावर तो खऱ्या ऑपरेशनच्या बाजूने थोडा तरी डोकावायला हवा होता.

आक्षेप पाचवा: बहुतेक रुग्ण पुरुष, तेही माजी सैनिक.

तुलनेला याने काही होत नाही, तिन्ही गट सारखेच. लागू पडण्याला मात्र होतं, आणि आपल्याला तर जास्तच. गुडघ्याची झीज स्त्रियांमध्ये जास्त दिसते. आपल्याकडे मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून केर काढणं, जमिनीवरून उठबस हे सगळं गुडघ्यावर येतं. ह्यूस्टनच्या माजी सैनिकाचा आकडा उचलून साताऱ्यातल्या आजींना लावायचा का? या एका पेपरवरून नाही, असंच उत्तर मी देईन.

पण पुढे काय झालं ते बघा. २००८ मध्ये कॅनडातल्या लंडन, ऑन्टारिओ इथून कर्कली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्याच जर्नलमध्ये. त्यात १७८ रुग्णांचा हिशोब होता, आणि त्यांत स्त्रिया जास्त होत्या. एका गटाला फिजिओथेरपी आणि औषधं, दुसऱ्याला तेच आणि वर दुर्बिणीचं ऑपरेशन. दोन वर्षांनी फरक नाही. इथे खोटं ऑपरेशन नव्हतं, रुग्णांना आपल्याला काय मिळालं ते माहीत होतं. हा दोष झुकवतो कुठे? ऑपरेशनच्या बाजूला. तरी फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधून एक अभ्यास आला: १४६ रुग्ण, वय ३५ ते ६५, झीज नसलेले पण वयपरत्वे गादी फाटलेले. तिथे पुन्हा खोटं ऑपरेशन, आणि एकाऐवजी अनेक केंद्रं. १२ महिन्यांनी तिथेही खऱ्याला आघाडी नाही.

तीन देश, वेगवेगळे सर्जन, वेगवेगळ्या पट्ट्या, आणि प्रत्येक अभ्यासाचे दोष वेगवेगळ्या बाजूंना झुकणारे. तरी निकाल एकच. एका पेपरचा दोष दुसऱ्या पेपरने असा भरून निघतो. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २००४ मध्ये झिजेच्या नुसत्या दुखण्यासाठी होणाऱ्या या ऑपरेशनचा खर्च देणं थांबवलं, आणि २०१७ मध्ये 'बीएमजे'मधल्या तज्ज्ञ गटाने झिजेच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांसाठी याच्या विरोधात ठाम शिफारस केली.

आता माझी स्वतःची तक्रार

या पेपरची बातमी जगभर 'खोट्या ऑपरेशनने गुडघे बरे होतात' अशी गेली. आजही मनाच्या शक्तीवरच्या भाषणांत हा दाखला देतात. पण पेपरमध्ये हे सिद्ध झालेलंच नाही. का? चौथा गट नव्हता, काहीच न केलेल्यांचा.

तीन गटांतली तुलना एवढंच सांगते की धुण्या-तासण्याचा वेगळा फायदा नाही. खोट्या गटात जी काही सुधारणा दिसली त्यातली प्लासिबोमुळे किती, दुखणं आपसूक उतरल्यामुळे किती, आणि सरासरीकडे परतण्यामुळे किती, हे या आराखड्यातून काढताच येत नाही. म्हणजे ज्या 'आधी आणि नंतर'च्या तुलनेला हा पेपर मोडीत काढतो, तीच तुलना लोक त्याच पेपरच्या एका गटाला लावून प्लासिबोचा चमत्कार जाहीर करतात. कुठलाही अभ्यास त्याने ज्या दोन गोष्टींची तुलना केली तेवढ्याचंच उत्तर देतो. बाकी सगळं आपण त्याच्या तोंडी घातलेलं असतं.

दुसरी उडी याच्या उलट दिशेची: 'गुडघ्याचं ऑपरेशनच फसवं.' तेही नाही. खेळताना पाय मुरगळून गादी फाटली, तुकडा अडकून गुडघा सरळच होत नाही, अशा तरुणाचा हा अभ्यास नव्हता. आणि सांधेबदलाचं काय? २०१५ मध्ये डेन्मार्कमधून १०० रुग्णांचा अभ्यास आला. व्यायाम, आहार, औषधं वगैरेंसोबत सांधेबदल केलेल्यांना, नुसता तो बिनऑपरेशनचा उपचार घेतलेल्यांपेक्षा वर्षभराने जास्त आराम होता. म्हणून हा लेख वाचून घरच्या कुणाचं ऑपरेशन रद्द करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: नेमकं काय करणार, कशासाठी, आणि व्यायाम करून, वजन उतरवून बघण्यापेक्षा त्याने काय जास्त मिळेल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

नैतिकतेचं काय?

आजाऱ्याला उगाच छेद देणं बरोबर आहे का, हा प्रश्न टाळता येणार नाही. इथे प्रत्येक रुग्णाला आधी सांगितलं होतं की तुमचं ऑपरेशन खोटं असू शकतं, आणि ते समजल्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. तरी छेद तो छेदच. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही ठेवा: वर्षाला लाखो माणसांना भूल, छेद आणि बिल, तेही ज्याचा वेगळा फायदा कुणी तपासलेला नव्हता अशा उपचारासाठी. ६० जणांना विचारून केलेलं खोटं ऑपरेशन आपल्याला अस्वस्थ करतं, आणि लाखोंना न तपासता केलेलं खरं ऑपरेशन करत नाही. याचा विचार मी अजूनही करते, तुम्हीही करा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आपल्याकडे सांधे, कंबर, मान यांवरचे पुष्कळ प्रबंध अजून 'आधी-नंतर' याच साच्यात असतात. ३० रुग्ण, सहा आठवडे उपचार, पेअर्ड टी-टेस्ट, पी ०.०५ पेक्षा कमी, निष्कर्ष: उपचार परिणामकारक. पदवी मिळते, पण त्या ३० जणांनी दिलेला वेळ फुकट जातो, कारण काहीही केलं असतं तरी बहुधा हेच आलं असतं. कंट्रोल ग्रुप घेणं अवघड असतं, गाइड 'वेळ नाही' म्हणतात, हे खरं आहे. पण निदान नेहमीच्या उपचाराचा एक गट ठेवा, मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका, पट्टी आधी पारखलेली घ्या आणि किती गुणांचा फरक मोलाचा हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदवा. भारतात २००९ पासून ते सक्तीचं आहे.

आणि पुढच्या जर्नल क्लबसाठी वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे दोष, उजवीकडे 'झुकाव कोणत्या बाजूला'. ज्या दोषाचा उजवा रकाना भरता येत नाही, तो दोष बोलून दाखवण्याआधी पेपर आणखी एकदा वाचा. मोझलींच्या पेपरवर हे करून बघायला मी वर पाच ओळी भरून दिल्यात. सहावी तुम्ही शोधा आणि कॉमेंटमध्ये लिहा, पण दोन्ही रकाने भरून.